वाचकांचे प्रश्न : नवतपातला स्लॅब

मे महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे एकाच विषयावरची आहेत. पावसाळ्याआधी स्लॅब पडावा म्हणून नागपुरात सगळ्यांचीच घाई असते, आणि नेमके तेच दिवस नवतपाचे, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाचे, ४५ अंशांचे असतात. हवा ४० अंशांच्या वर गेली की त्या कामाला आयएस ७८६१ (भाग १) हे भारतीय मानक उष्ण हवामानातले काँक्रीटकाम मानते. ओतताना काँक्रीटचे तापमान ४० अंशांच्या खाली हवे, असे ते सांगते. घराच्या स्लॅबसाठी आम्ही ३५ ची मर्यादा धरतो.

आमचा स्लॅब ९०० चौरस फूट, पाच इंच जाडीचा आहे. ठेकेदार म्हणतात सकाळी आठला सुरू करू, दुपारी दोनपर्यंत उरकेल. तारीख २७ मे धरली आहे. चालेल का?
— वाचक, बेसा

तारीख चालेल, वेळ चालणार नाही. सकाळी आठला सुरू केलेल्या स्लॅबचा शेवटचा भाग भर दुपारी पडतो. पहिला भागही थंड वेळेत ओतला एवढेच, त्याचे पहिले सहा-सात तास उन्हातच जातात. स्लॅबला धोका ओतण्याच्या वेळी असतो तसा ओतल्यानंतरच्या या तासांतही असतो, आणि तो अनेकदा जास्त असतो. म्हणून आम्ही संध्याकाळ सुचवतो. साडेपाचला पहिले घमेले पडले तर पुढचे अकरा-बारा तास काँक्रीटला कडक ऊन लागत नाही.

त्यासाठी कामाचा वेग आधी मोजा. ९०० चौरस फूट गुणिले पाच इंच म्हणजे ३७५ घनफूट. बीम धरून साधारण ५०० घनफूट, म्हणजे १४ घनमीटर. घनमीटरला पावणेसात पोती धरली तर ९५ पोती सिमेंट लागेल. एका पोत्याचा मिक्सर तासाला बारा-तेरा घाण (एका वेळी कालवलेला माल) काढतो, म्हणजे एका मिक्सरवर आठ तास. नागरी वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ आवाज करणारी बांधकामयंत्रे चालवायला मनाई आहे, त्यामुळे एका मिक्सरवर संध्याकाळचे गणित बसत नाही. लिफ्टसह दोन मिक्सर लावा, साडेनऊपर्यंत ओतणे संपेल. किंवा आरएमसी (प्लांटमधून गाडीने येणारे तयार काँक्रीट) आणि पंप घ्या. तीन गाड्यांत दोन-अडीच तासांत काम होते. फिनिशिंगला आवाज नसतो, ते अकरापर्यंत चालले तरी हरकत नाही.

आता तयारी. दिवसभर तापलेल्या सेंट्रिंगच्या (काँक्रीट पेलणाऱ्या साच्याच्या) प्लेटा आणि सळया संध्याकाळी पाचलाही हात लावू देत नाहीत. तशा प्लेटेवर काँक्रीट पडले की खालच्या थराचे पाणी लगेच उडते आणि स्लॅबच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी पोकळ जागा राहते. दुपारी बारापासून वर हिरवी जाळी ताणून ठेवा. चारपासून प्लेटा आणि लोखंडावर दर वीस मिनिटांनी पाणी शिंपडा. ओतण्याआधी मात्र साचलेले पाणी फडक्याने टिपून घ्या, कारण बीमच्या तळात उरलेले दोन बोटे पाणी तिथल्या काँक्रीटचे प्रमाण बिघडवते.

ओतताना लहान बाजूला समांतर, दीड-दोन मीटर रुंदीचे पट्टे घ्या. ताज्या पट्ट्याची कड अर्ध्या तासाहून जास्त उघडी राहू देऊ नका, नाहीतर तिथे थंड जोड पडतो, म्हणजे दोन पट्टे एकजीव होत नाहीत, आणि पहिल्याच पावसात नेमका तो गळतो. व्हायब्रेटर दोन ठेवा, एक चालू आणि एक राखीव. ४० मिमीची सुई फूट-सव्वा फुटावर बुडवा, दहा-पंधरा सेकंद धरा आणि सावकाश वर काढा. काँक्रीट दीड मीटरहून जास्त उंचीवरून टाकू नका.

वीज गेली तर जनरेटर हवा. मिक्सर मध्येच बंद पडला आणि तास निघून जाणार असे दिसले, तर स्पॅनचे (दोन आधारांमधल्या अंतराचे) तीन भाग धरून मधल्या भागात उभी फळी लावून तिथे जोड घ्या. जिथे माल संपला तिथे उतरता सोडू नका. आणखी एक गोष्ट नागपूरकरांना सांगायला नको: मेच्या संध्याकाळी वादळ येते. प्रादेशिक हवामान केंद्राचा त्या दिवसाचा अंदाज पाहा आणि ताडपत्र्या वर नेऊनच काम सुरू करा.

मजुरांसाठी सावली, थंड पाणी आणि मीठ-साखरेचे पाणी हवे. प्लेटा धुणे आणि सळया बांधणे ही कामे दुपारी बारा ते चार बंद ठेवा. चक्कर आलेला माणूस स्लॅबच्या कडेवर उभा असतो, हे विसरू नका.

परवा सकाळी स्लॅब टाकला. दोन तासांत वर तिरप्या भेगा दिसल्या, एक ते दोन फूट लांब, साधारण एकमेकींना समांतर. ठेकेदार म्हणतात वरून सिमेंटचे पाणी फिरवू, बुजतील. लोखंड कमी पडले असेल का?
— वाचक, वाठोडा

लोखंडाचा यात संबंध नाही. काँक्रीट ओले असताना वरचा थर आकसून पडलेल्या या भेगा आहेत. ताज्या काँक्रीटमधले पाणी हळूहळू वर येते. वारा आणि ऊन ते वर येण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने उडवू लागले की वरचा थर आकसतो. खालचे काँक्रीट आकसत नाही, आणि वरच्यात तेवढा ताण सोसायची ताकद अजून आलेली नसते. म्हणून तो फाटतो.

किती पाणी उडते ते पाहा. हवा ४२ अंश, आर्द्रता १५ टक्के, वारा ताशी १५ किलोमीटर आणि काँक्रीट ३८ अंश असेल, तर एका चौरस मीटरमधून तासाला सुमारे १.८ लिटर पाणी जाते. धोक्याची रेषा तासाला १ लिटरची मानतात. हेच काँक्रीट ३० अंशांचे, हवा ३२ ची, आर्द्रता ३५ टक्के आणि वारा ताशी ६ किलोमीटर असेल, तर आकडा अर्ध्या लिटरवर येतो. आपल्याकडे लोक उन्हाला घाबरतात आणि वाऱ्याकडे दुर्लक्ष करतात. वरच्या हिशेबात वारा ताशी १५ चा २५ झाला तर तेच पाणी पावणेतीन लिटरवर जाते. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबला वाऱ्याच्या बाजूने सहा फूट उंच ताडपत्री किंवा जाळी लावणे म्हणूनच गरजेचे आहे.

भेगा दिसल्या त्याच वेळी, काँक्रीट मऊ असताना, रंधा (पृष्ठभाग सपाट करायची लाकडी फळी) जोरात दाबून फिरवला असता किंवा व्हायब्रेटर पुन्हा चालवला असता तर त्या तळापासून मिटल्या असत्या. नुसती थापी फिरवली तर वरचे तोंड बंद होते आणि भेग आत तशीच राहते. आता ती वेळ गेली आहे. सिमेंटचे पाणी फिरवून काही साधणार नाही, तो पापुद्रा महिन्याभरात निघतो.

तुम्ही आता करायचे ते असे. स्लॅबला पूर्ण १४ दिवस पाणी मिळू द्या. मग भेगा तारेच्या ब्रशने साफ करा, धूळ उडवा आणि कोरड्या होऊ द्या. केसाएवढ्या भेगांत पातळ इपॉक्सी ओता, ते आपोआप खाली उतरते. रुंद भेगांत पॉलिमर मिसळलेली सिमेंटची स्लरी भरा. त्यानंतर कडेने आळे घालून दोन इंच पाणी ४८ तास उभे करा आणि खालून छत पाहा. पाच इंचांच्या स्लॅबमध्ये अशी भेग आरपारही असू शकते, आणि ते या चाचणीतच कळते. खाली ओल दिसली तर गच्चीचे वॉटरप्रूफिंग करताना ती जागा खुणेने लक्षात ठेवा.

भेगा तिरप्या नसून बरोबर सळयांच्या ओळीत, चौकटी-चौकटींत असत्या तर कारण वेगळे ठरले असते. काँक्रीट खाली बसते आणि सळईवर अडते. सळयांवरचे कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, कमी असेल किंवा माल पातळ असेल तर असे होते, आणि मग इंजिनियरला बोलवावेच लागते.

मिक्सरमधून निघालेला माल वर पोचेपर्यंत घट्ट होतो. मजूर पाणी वाढवतात. बर्फ टाकला तर? किती लागेल?
— बांधकाम ठेकेदार, हिंगणा

पाणी वाढवणे आधी बंद करा. पोत्याला २५ लिटरच्या जागी ३० लिटर झाले की पाणी-सिमेंटचे प्रमाण ०.५ चे ०.६ होते आणि ताकद पाचव्या हिश्श्याच्या आसपास घटते. मालाला ढिलेपणा हवा असेल तर सेटिंग (घट्ट होणे) लांबवणारे प्लॅस्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल ढिला करणारे रसायन, घ्या. डब्यावर लिहिलेली मात्रा मापट्याने मोजून, मिक्सरच्या पाण्यातच टाका.

आता तापमानाचा हिशेब. गिट्टी-रेती ४२ अंश, सिमेंट ५० आणि पाणी ३८ असेल तर काँक्रीट जवळपास ४२ अंशांचे निघते. फक्त पाणी १० अंशांवर आणले तर ते साडेचौतीसवर येते. फक्त गिट्टी-रेती ३४ वर आणली तर ३७. दोन्ही केले तर साडेएकोणतीस. वजनाने गिट्टी-रेती सगळ्यांत जास्त, म्हणून तिचा एकेक अंश मोलाचा आहे. तो कमी करायला फारसा खर्चही नाही. ढिगावर सावली करा आणि आदल्या रात्रीपासून गिट्टीवर बारीक फवारा ठेवा. आपल्या कोरड्या वाऱ्यात ओली गिट्टी कूलरच्या वाळ्यासारखी थंड होते, हवेपेक्षा दहा अंशांनीही खाली जाते. आमच्या मते बर्फाआधी हे करावे.

रेतीवर मात्र नळी सोडू नका, तिची ओल मोजता येत नाही. तिला सावली आणि वरून ताडपत्री पुरे. रेतीत ३ टक्के ओल असेल तर एका पोत्याच्या मालात ती सुमारे ३ लिटर पाणी घेऊन येते. तेवढे मिक्सरच्या पाण्यातून वजा करा. गिट्टीवरून पाणी निथळत असेल तर तेही धरा.

बर्फ टाकीत टाकणे सोपे. ३८ अंशांचे १०० लिटर पाणी १५ अंशांवर आणायला २४ किलो बर्फ लागतो, १० अंशांवर आणायला ३१ किलो. टाकी उघडी असेल तर थोडा जास्त. ९५ पोत्यांच्या स्लॅबला दोन हजार लिटर पाणी धरले तर १५ अंशांसाठी पाच क्विंटल बर्फ. टाकी काळी नको, आणि असलीच तर ओल्या गोणपाटाने गुंडाळा. फोडलेला बर्फ थेट मिक्सरमध्ये टाकणार असाल तर तो वजन करून, पाण्यातून तेवढेच कमी करून टाका आणि पूर्ण वितळेपर्यंत ड्रम फिरवा. न वितळलेला खडा स्लॅबमध्ये गेला की तिथे पोकळी राहते. बर्फाचे किंवा पाण्याचे पिंप रसवंतीतून आणले असेल तर आधी घासून धुवा. एका पोत्याच्या मालात ५० ग्रॅम साखर गेली तरी सेटिंग बिघडते.

आरएमसीची गाडी दुपारच्या वाहतुकीत अडकते. साइटवर काय तपासायचे?
— वाचक, कळमेश्वर

गाडीसोबत आलेल्या चलनावर (पावतीवर) माल भरल्याची वेळ पाहा. आरएमसीच्या मानकात तिथपासून दोन तासांची मर्यादा आहे. या उन्हात दीड तासानंतर आलेल्या गाडीकडे आम्ही संशयानेच पाहतो. टोकदार डायल थर्मामीटर काँक्रीटमध्ये तीन इंच खोल घालून दोन मिनिटे थांबा. बंदुकीसारखे इन्फ्रारेड यंत्र फक्त वरच्या थराचे तापमान दाखवते, त्यावर विसंबू नका. स्लंप (मालाच्या ढिलेपणाचे माप) ठरल्यापेक्षा कमी असेल तर ड्रायव्हरला नळी लावू देऊ नका. प्लांटच्या तंत्रज्ञाने मोजून प्लॅस्टिसायझर टाकावे आणि ड्रम चांगला घुसळावा, एवढेच चालते. तेही जमत नसेल तर गाडी परत पाठवा.

ताकद तपासायला क्यूब (काँक्रीटचे ठोकळे) भरत असाल तर १४ घनमीटरला दोन नमुने घ्या, प्रत्येकी तीन क्यूब. पहिला दिवस ते सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा. गच्चीवर उन्हात ठेवलेल्या क्यूबचा निकाल कमी येतो आणि मग चांगल्या मालावरही आळ येतो.

गोदामाची चार इंची फरशी उन्हात ओतली. वर पापडी धरली, खाली माल मऊ. मिस्त्रींनी पाणी शिंपडून गुरमाळा फिरवला. आता पोपडे निघतात आणि भुकटी उडते. पुढचा भाग कसा करावा?
— लघुउद्योजक, कामठी

वर कोरडे दिसले म्हणजे फरशी गुरमाळ्याला (घोटून गुळगुळीत करायच्या लोखंडी थापीला) तयार झाली, असा समज उन्हाळ्यात नुकसान करतो. खालचे पाणी अजून वर येतच असते. वरची पापडी घोटून बंद केली की ते पाणी आणि हवा तिच्याखाली अडकते, फुगे येतात आणि नंतर पोपडे निघतात. वर शिंपडलेले पाणी गुरमाळ्याने आत दाबले गेले की वरच्या दोन-तीन मिलिमीटरमधले सिमेंट पातळ होते. भुकटी उडते ती तिथलीच. कोरडे सिमेंट भुरभुरवले तर जाळीसारख्या बारीक भेगा येतात.

पुढच्या भागाला आधी सावली आणि वाऱ्याची आडभिंत करा. छत आधी घालून फरशी नंतर करता आली तर उत्तमच. खालची मुरमाची भर आदल्या संध्याकाळी भिजवून ठोका. ओतताना ती ओलसर हवी, चिखल नको. पट्टी ओढली आणि लाकडी रंधा एकदा फिरवला की लगेच वर पॉलिथिन अंथरा, किंवा फरशीच्या वरच्या हवेत धुक्यासारखा बारीक फवारा मारा. पाण्याचे थेंब काँक्रीटवर साचायला नकोत. बाष्पीभवन रोखणारे फवाऱ्याचे द्रावणही बाजारात मिळते. ते फिनिशिंगला मदत म्हणून नसते, फक्त पाणी धरून ठेवते, हे मिस्त्रींना नीट सांगा.

पॉलिथिन थोडे-थोडे उचलत फिनिशिंग करा. बूट ठेवल्यावर ठसा चार-पाच मिलिमीटरच उमटला की रंधा फिरवा. लोखंडी गुरमाळा त्यानंतर, आणि वर पाण्याची चमक असेपर्यंत अजिबात नाही. एका वेळी तेवढाच भाग ओता जेवढा हाताशी असलेले मिस्त्री तासाभरात आवरू शकतील.

चार इंची फरशीला अडीच ते तीन मीटरवर जोड कापावे लागतात, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल. उन्हाळ्यात कटर दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. कडा न तुटता पाते चालू लागले की कापा, साधारण सहा-आठ तासांत. सकाळपर्यंत थांबलात तर फरशी आपला जोड स्वतःच पाडून मोकळी होते, आणि तो सरळ रेषेत नसतो.

पीपीसी घ्यावे की ५३ ग्रेड ओपीसी?
— वाचक, मानेवाडा

घराच्या स्लॅबला उन्हाळ्यात पीपीसी, म्हणजे राखेसारखे घटक मिसळलेले सिमेंट. ओपीसी म्हणजे साधे सिमेंट. पीपीसीची उष्णता कमी आणि सावकाश निघते. मात्र त्याच्या पृष्ठभागावर पाणी कमी येते, म्हणून झाकण्यात हयगय नको, आणि पाणीही जास्त दिवस मारावे लागते. पोती हाताला गरम लागत असतील तर दोन-तीन दिवस सावलीत, जमिनीपासून उंच रचून ठेवा.

दिवसातून तीन वेळा पाणी मारतो, पुरे का? बोअर आटत आली आहे. आणि उन्हात काँक्रीट लवकर पक्के होते, तर सेंट्रिंग पाच दिवसांत काढू का?
— वाचक, वाडी

तीन वेळा पुरत नाही. मेच्या दुपारी उघड्या स्लॅबवर मारलेले पाणी अर्ध्या-पाऊण तासात जाते, म्हणजे दोन वेळांच्या मध्ये स्लॅब तासन् तास कोरडा राहतो. ओले-कोरडे, ओले-कोरडे असे चालले की भेगा वाढतात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार उष्ण-कोरड्या हवेत किमान १० दिवस सतत ओल हवी, आणि पीपीसीला १४ दिवस.

पाणी कमी असेल तर आळे करणे हाच काटकसरीचा मार्ग आहे. स्लॅबवर चार-चार फुटांच्या चौकटी मातीने किंवा हलक्या मसाल्याने बांधा, त्यात गोणपाट अंथरून दीड इंच पाणी भरा आणि वर पांढरे पॉलिथिन टाकून कडा विटांनी दाबा. उडणारे पाणी खूप कमी होते. सिमेंटची रिकामी प्लॅस्टिक पोती पाणी धरत नाहीत, तागाचीच हवीत. कॉलमला गोणपाट गुंडाळून वरून पॉलिथिन बांधा, नुसता गोणपाट तासाभरात वाळतो. आळी भरण्याची घाई मात्र पहिल्या रात्री करू नका. ओतल्यापासून पहाटेपर्यंत ओले गोणपाट आणि पॉलिथिन, काँक्रीटवर बोटाचा ठसा उमटेनासा झाला की पाणी.

दुपारी पाइपातले पहिले पाणी उकळते येते, ते बाजूला सोडा. उलट, तापलेल्या स्लॅबवर बर्फाचे पाणी ओतू नका. काँक्रीटपेक्षा १० अंशांहून थंड पाण्याने वरचा थर एकदम आकसतो आणि तडकतो.

सेंट्रिंगबद्दल: उन्हात काँक्रीट पहिल्या दोन-तीन दिवसांत ताकद भराभर घेते हे खरे, पण २८ दिवसांची ताकद त्याच काँक्रीटची कमी भरते, आणि पाणी नीट मिळाले नसेल तर आणखी कमी. टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, त्याहून लांब स्पॅनला १४ दिवस ठेवा. बीमला सहा मीटरपर्यंत १४ दिवस, पुढे २१. हे आकडे साध्या ओपीसीचे आहेत. पीपीसीला इंजिनियरला विचारून वाढवा. छज्जा आणि बाल्कनीचे टेकू सगळ्यांत शेवटी, आणि काढताना मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे या.